पाचवा टायर: फिरवावा की डिकीतच राहू द्यावा?

दहा हजारांच्या सर्व्हिसिंगला गाडी लावली की काउंटरवरचा मुलगा न चुकता विचारतो, "साहेब, टायर रोटेशन करायचंय ना?" आपण मान डोलावतो. त्याच्या पुढचा प्रश्न मात्र तो सहसा विचारत नाही: चारच फिरवायचे, की स्टेपनी धरून पाच? डिकीतलं सामान काढा, खालचं कार्पेट उचला, स्टेपनीचा बोल्ट सोडवा, एवढ्या उस्तवारीचे त्याला वेगळे पैसे मिळत नाहीत. मग स्टेपनी वर्षानुवर्षं तिथेच पडून राहते. आठ वर्षांनी गाडी विकायला काढली की बघायला आलेला माणूस खूश होऊन म्हणतो, "वा, स्टेपनी तर कोरीच आहे!" कोरी असते खरी. पण तिचे पैसे आपण पहिल्याच दिवशी शोरूममध्ये मोजलेले असतात, आणि आता तिचं रबर इतकं कडक झालेलं असतं की ती घेणाऱ्याच्याही फारशी कामाची नसते.

म्हणून पाचही फिरवा, असा सल्ला सरसकट दिला जातो. तो सरसकट बरोबर नाही. वर्षाला आठ हजार किलोमीटरांच्या आत गाडी चालत असेल तर स्टेपनी फिरवून हाती काही लागत नाही. त्याहून जास्त चालत असेल आणि पाचही चाकं अगदी सारखी असतील, तर एका टायरचे पैसे वाचतात. हे कसं ते पुढे हिशेबाने दाखवतो, पण आधी उठून डिकी उघडा.

स्टेपनीच्या कडेवर मोठ्या अक्षरांत आकार लिहिलेला असतो, उदाहरणार्थ १८५/६५ आर १५. गाडीखाली असलेल्या चारांवरही वाचा. दोन्हीकडे एकच असेल तरच पुढचा विचार. हल्ली वरच्या मॉडेलला मोठी अलॉय चाकं देतात आणि स्टेपनी मात्र एक इंच लहान, साध्या लोखंडी रिमची असते. चारांना १८५/६५ आर १५ आणि स्टेपनीला १६५/८० आर १४, अशी जोडी हॅचबॅकमध्ये नेहमी दिसते. उंचीला हे दोन्ही टायर जवळजवळ सारखे, सुमारे ६२० मिलिमीटर. पण स्टेपनी २० मिलिमीटरने अरुंद आहे, म्हणजे ब्रेक दाबल्यावर आणि वळणावर तिची पकड वेगळी. एसयूव्हीत २१५/६० आर १७ बरोबर २०५/६५ आर १६ दिली असेल, तर उंचीतच १७ मिलिमीटरांचा फरक पडतो. अशी स्टेपनी पंक्चरच्या दुकानापर्यंत जाण्यापुरती. काहींवर पिवळं स्टिकर असतं, ताशी ८० किलोमीटरची मर्यादा सांगणारं, आणि अगदी बारीक, सायकलच्या भावंडासारख्या दिसणाऱ्या स्टेपनीत हवाही ६० पीएसआय भरावी लागते. समृद्धी महामार्गावर कारला १२० ची मुभा आहे, तिथे असं चाक लावून डावी लेन धरून गुमान जायचं. फिरवण्याचा प्रश्नच येत नाही. तुमची स्टेपनी अशी असेल तर या लेखातलं हवेचं आणि तारखेचं तेवढं वाचा, बाकीचं सोडून दिलंत तरी चालेल.

जाता जाता: स्टेपनी हा शब्द आपल्याकडे इतका रुळला आहे की तो इंग्रजांच्या देशात आता कुणाला कळत नाही. वेल्समधल्या लॅनेली गावात स्टेपनी स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. तिथल्या डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमाराला जादा चाकाचा धंदा काढला. आरे नसलेली, हवा भरलेली एक कडी, जी पंक्चर झालेल्या चाकावरच अडकवायची. कंपनी गेली, कडी गेली, नाव आपल्या डिकीत राहिलं.

आता हिशेब. आकडे सोयीसाठी गोल धरतो. एक टायर सहा हजारांचा, आणि नीट हवा, अलाइनमेंट सांभाळलं तर चाळीस हजार किलोमीटर चालणारा. चारच टायर फिरवले तर चाळीस हजारांवर चारही संपतात. पाच फिरवले तर प्रत्येक टायर पाचातला एक हप्ता डिकीत विश्रांती घेतो, आणि पाचांचा मिळून प्रवास पन्नास हजारांपर्यंत जातो. वरचे दहा हजार किलोमीटर फुकट मिळाले असं वाटतं. फुकट नाहीत. ते गाडी घेताना विकत घेतलेल्या पाचव्या टायरचेच आहेत.

पन्नास हजारांना पुन्हा पाच टायर घेतले तर तीस हजार रुपये. भागाकार करा: किलोमीटरला ६० पैसे. चार टायरवाला चाळीस हजारांना चोवीस हजार मोजतो, त्याचेही किलोमीटरला ६० पैसेच. म्हणजे दुसऱ्या फेरीपासून पाच फिरवण्यात बचत शून्य. पाचव्याचे पैसेही तुम्हीच पुन्हा भरलेले असतात. खरी बचत पहिल्या फेरीत, ती एका टायरची, सहा हजारांची. त्यातून वजा करा पाचव्या चाकाचं दरवेळचं बॅलन्सिंग आणि काढ-घालीचे पैसे. दर दहा हजारांना एकदा म्हणजे पन्नास हजारांत चार वेळा, दरवेळी साधारण दोनशे रुपये जादा, मिळून आठशे. हातात राहतात पाच हजार दोनशे. पाच वर्षांत. काही लोक "पंचवीस टक्के बचत" म्हणतात, ती ही एवढी.

म्हणून माझा सल्ला: पहिल्या फेरीला पाच फिरवा, आणि दुसऱ्या फेरीला चारच नवे घ्या. जुन्या पाचांतला सर्वांत बरा, फुगवटा किंवा काप नसलेला आणि नक्षी निदान तीन मिलिमीटर उरलेला टायर स्टेपनीला ठेवा. त्यासाठी अर्थातच पाचही अगदी गोटा होईपर्यंत चालवायचे नाहीत. तसेही कारच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की कायद्याने तो बाद. नक्षीच्या खाचेत आडव्या बारीक पट्ट्या असतात, रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं की ती वेळ झाली. आपल्याकडच्या पावसात तीनच्या खाली मी जात नाही. घाटात, पाण्याच्या पातळ थरावर, दीड आणि तीन मिलिमीटरमधला फरक ब्रेक दाबल्यावरच कळतो.

वयाचा मुद्दा हिशेबाइतकाच मोठा आहे. टायर दोन प्रकारे मरतो: झिजून किंवा वयाने. ज्याची गाडी वर्षाला पाच हजार किलोमीटर चालते, भाजी, बँक आणि दिवाळीत गावी, त्याचे चारच टायर चाळीस हजारांना पोहोचायला आठ वर्षं लागतात. पाच फिरवले तर दहा. तोवर कडेला बारीक तडे पडतात, रबर दगडासारखं होतं. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर तपासून घ्या आणि दहा वर्षांना, नक्षी कितीही असो, स्टेपनीसकट बदला, असं मिशेलिनसारख्या कंपन्याच सांगतात. आपल्याकडचं ऊन बघता मी सहा-सात वर्षांनाच बदलायच्या विचाराला लागतो. पाच टायरचे पन्नास हजार किलोमीटर सहा-सात वर्षांत बसायचे, तर वर्षाला सात ते आठ हजार चालवायला हवेत. वरचा आठ हजारांचा आकडा तिथून आला. त्याच्या आत चालवणाऱ्याच्या गाडीत पाचवा टायर फिरवणं म्हणजे न संपणाऱ्या डब्यात आणखी एक डबा ओतणं.

वय कळायला कडेवर डीओटी अशी अक्षरं शोधा. त्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ असतील तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. एका बाजूला सापडले नाहीत तर दुसऱ्या बाजूला असतात. जुनी गाडी घेताना पाचही टायरांचे हे आकडे वाचा. गाडीच्या मीटरपेक्षा ते जास्त खरं बोलतात.

आता टायरवाल्याचा आवडता सल्ला: "दादा, तीनच नवे घ्या, एक स्टेपनी काढून लावू." हिशेब मांडला तर यातही एका टायरचेच, तेच सहा हजार वाचतात, आणि दर दहा हजारांना डिकी रिकामी करायची कटकट नाही. मग हरकत काय? वर्षाला वीस हजार चालवणाऱ्याला काहीच नाही. त्याची स्टेपनी तेव्हा दोनच वर्षांची असते, आणि त्याच कंपनीचा त्याच नक्षीचा टायर अजून दुकानात मिळतो. पण वर्षाला आठ-दहा हजार चालवणाऱ्याची स्टेपनी तोवर चार-पाच वर्षांची झालेली, आणि तोवर कंपनीने नक्षी बदललेली. एकाच ॲक्सलवर डावीकडे नवं मऊ रबर आणि उजवीकडे जुनं कडक, ही जोडी मला पटत नाही. त्याने पहिल्यापासून पाच फिरवलेले बरे.

पहिल्यापासून, हा शब्द महत्त्वाचा. तीस हजारांवर गाडी आली आणि हा लेख वाचून उत्साहाने कोरी स्टेपनी काढून लावाल तर घोटाळा होईल. कोऱ्या टायरची नक्षी सात-आठ मिलिमीटर, बाकीच्यांची उरली असेल चार. चार मिलिमीटरांचा फरक म्हणजे व्यासात आठ, आणि चाकाच्या एका फेऱ्यात सुमारे पंचवीस मिलिमीटर. किलोमीटरमागे हे चाक आपल्या जोडीदारापेक्षा जवळपास तेरा मीटरांचा हिशेब वेगळा मांडतं. तो फरक गाडीचा डिफरन्शियल निस्तरत बसतो. पंक्चर निघेपर्यंत तसं चालवलं तर काही बिघडत नाही, कायमचं नको. आणि चारही चाकांना ताकद जाणारी गाडी असेल तर आणखीच नको. कोरडा डांबरी रस्ता, फोर व्हील ड्राइव्ह लावलेलं आणि चाकं असमान, हे समीकरण ट्रान्सफर केसच्या दुरुस्तीपर्यंत जातं, आणि त्या बिलापुढे पाचही टायर स्वस्त वाटतात. थोडक्यात, पहिल्या दहा हजारांना स्टेपनी घेतली नसेल तर पुढच्या नव्या सेटपर्यंत तो विषय बंद करा.

चाकं कोणत्या क्रमाने फिरवायची ते गाडीच्या पुस्तिकेत चित्र काढून दिलेलं असतं आणि तेच शेवटचं. सर्वसाधारण रीत अशी. आपल्या बहुतेक कार पुढच्या चाकांनी ओढल्या जातात. स्टिअरिंग, इंजिनाची ताकद आणि ब्रेकचा मोठा वाटा पुढेच, म्हणून पुढचे टायर लवकर झिजतात. अशा गाडीत पुढचा डावा सरळ मागे डावीकडे जातो, पुढचा उजवा डिकीत, स्टेपनी मागे उजवीकडे, आणि मागचे दोन्ही तिरके पुढे येतात, डावा उजवीकडे नि उजवा डावीकडे. बोलेरो, स्कॉर्पिओ, थार यांसारख्या मागच्या किंवा चारही चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत उलट. मागचे दोन्ही आपापल्या बाजूने सरळ पुढे, पुढचा उजवा तिरका मागे डावीकडे, पुढचा डावा स्टेपनीच्या जागी आणि स्टेपनी मागे उजवीकडे. पाच फेऱ्यांत प्रत्येक टायर पाचही जागा बघून येतो. टायरच्या कडेवर बाण असेल तर तो एकाच दिशेने फिरण्यासाठी बनवला आहे. त्याला बाजू बदलता येत नाही, म्हणून स्टेपनी धरून फिरवणंही जमत नाही.

चाकं काढण्याआधी प्रत्येकावर खडूने खूण करा आणि फोनमध्ये फोटो काढा. "फिरवले हो" म्हणून सांगितलेलं आणि प्रत्यक्षात जागेवरून न हललेलं रोटेशन मी स्वतः एकदा पैसे देऊन घेतलं आहे. खडूची खूण होती म्हणून पकडलं.

बिलात काय काय दिसेल? शहरातल्या मध्यम दुकानात बॅलन्सिंगचे लोखंडी रिमला चाकामागे शंभर-दीडशे आणि अलॉयला त्याहून थोडे जास्त, कारण तिथे आतून चिकटवायची वजनं लागतात. काही जण वजनाचे ग्रॅमवर वेगळे लावतात, ते आधी विचारा. अलाइनमेंट चारशे ते आठशे. नुसतं फिरवण्याचे कुठे शंभर, कुठे तीनशे, आणि बॅलन्सिंग केलं तर बऱ्याच ठिकाणी फिरवणं त्यातच. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये या सगळ्यावर आणखी चढ. पाचव्या चाकाचा जादा खर्च म्हणून मी वर दोनशे धरले, त्यापेक्षा बरंच जास्त मागत असतील तर बचतीचा हिशेब तिथेच कोलमडतो. नायट्रोजन भरायचा आग्रह झाला तर मोकळेपणाने नाही म्हणा. साध्या हवेतही जवळपास ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

नवे टायर घेताना एक गोष्ट लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. मूळ किंमत पाच हजार असेल तर पूर्वी ६,४०० पडायचे, आता ५,९००. कुणी जुना छापील भाव दाखवत असेल तर करासकट बिल मागा, आणि त्याच वेळी डीओटीची तारीख बघा. दुकानात दोन वर्षं पडलेला "नवा" टायर त्याच भावात घ्यायचं काही कारण नाही.

अलॉयवाल्यांसाठी आणखी एक खोच. चार अलॉय आणि पाचवं लोखंडी रिम असेल तर टायरचा आकार सारखा असूनही दर फेरीला एक लोखंडी चाक बाहेर दिसणार. दिसण्याचं सोडा, पण काही गाड्यांत दोन्हींचे नट वेगळे असतात आणि चुकीचा नट नीट बसत नाही. टायरच रिमवरून काढून बदलायचे म्हटले तर मजुरी दुप्पट होते आणि दरवेळी टायरची कड ताणली जाते. अशा गाडीत मी स्टेपनी फिरवणार नाही. टायरची हवा डॅशबोर्डवर दाखवणारी गाडी असेल तर स्टेपनीत तो सेन्सर आहे का, हेही विचारा. बहुधा नसतो. मग ती रस्त्यावर आली की दिवा पेटलेलाच राहतो, आणि एका दिव्याची सवय झाली की खरी हवा गेल्यावरही आपण दुर्लक्ष करतो.

स्टेपनी फिरवण्याचा खरा फायदा होतो तो मागच्या दारावर चाक टांगलेल्या गाड्यांना. बोलेरो, थार, जिम्नी. तिथे चाक बहुधा पूर्ण आकाराचं असतं, काढायला दोन मिनिटं पुरतात, आणि ते रोज ऊन खात असतं. डिकीतल्या स्टेपनीपेक्षा ते लवकर म्हातारं होतं. इनोव्हा-अर्टिगासारख्या गाड्यांत स्टेपनी पोटाखाली साखळीने लटकवलेली असते. कोकणातल्या खाऱ्या हवेत आणि चिखलात त्या साखळीला गंज चढतो, आणि ऐन वेळी ती खाली उतरतच नाही. फिरवा न फिरवा, अशा गाडीची स्टेपनी दर पावसाळ्यानंतर एकदा खाली उतरवून धुऊन, ग्रीस लावून परत चढवा.

नव्या गाड्यांपैकी काहींत, विशेषतः इलेक्ट्रिकमध्ये, स्टेपनीच नसते. ट्यूबलेस टायर, हवेवर नजर ठेवणारी यंत्रणा आणि पंक्चर किट दिलं असेल तर जादा चाक द्यायची सक्ती २०२० च्या नियमबदलाने काढून टाकली. त्यांना हा प्रश्न पडत नाही, दुसरे पडतात.

काम झाल्यावर दोन गोष्टी स्वतः बघा. पुढच्या आणि मागच्या चाकांची हवा बऱ्याच गाड्यांत वेगळी सांगितलेली असते. चाकांनी जागा बदलल्यावर हवाही त्या जागेप्रमाणे करून घ्या, आकडे ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर आहेत. आणि मशीनने आवळलेले नट पन्नास-शंभर किलोमीटरांनी पान्याने एकदा पुन्हा तपासा.

आमची गाडी वर्षाला जेमतेम सहा हजार चालते. चार टायर फिरवतो, स्टेपनी फिरवत नाही. मात्र दर सर्व्हिसिंगला ती बाहेर काढून तिच्यात सांगितल्यापेक्षा दोन-तीन पीएसआय हवा जास्त भरून ठेवतो. मागे एकदा कुंभार्ली घाटात रात्री पंक्चर झालं तेव्हा स्टेपनी कोरी करकरीत होती आणि तिच्यात हवा होती नऊ पीएसआय.